दुसऱ्यांदा चढलेल्या पायऱ्या

पुतण्यानं काढलेला सिनेमा मेलेल्या माणसांचा आहे हे कळल्यावर शालूबाईंनी आधी देवापुढे निरांजन लावलं आणि मगच जाण्याची साडी काढली. रविवार होता, म्हणजे त्यांचा उपास. पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं, पण मनात कौतुक होतं. विजयसिंह म्हणजे त्यांच्या धाकट्या दिरांचा मुलगा. राजारामपुरीत लग्नाच्या शूटिंगचं दुकान चालवायचा आणि सिनेमा काढायचं खूळ डोक्यात घेऊन फिरायचा. महापुराच्या वर्षी तालमीतल्या पोरांना घेऊन तो गगनबावड्याला गेला, भर पावसात दिवस दिवस भिजला, कॅमेऱ्यात पाणी घुसवून परत आला आणि तरी त्यानं तो सिनेमा पुरा केला. आता एका थिएटरवाल्याच्या हातापाया पडून सकाळचा एक खेळ मिळवला होता.

"झॉम्बीचा हाय काकी," तो निमंत्रण द्यायला आला तेव्हा म्हणाला होता. "पण तुमी घाबरू नका. आमची मढी चावत न्हाईत."

खरंच चावत नव्हती. सिनेमातल्या गावात पाऊस लागतो आणि मेलेली माणसं एकेक करून घरी येतात. कुणाच्या अंगावर जात नाहीत. आपापल्या घरी जाऊन आपल्या नेहमीच्या जागी बसतात, इतकंच. आणि घरची माणसं आनंदानं म्हणा, लाजेनं म्हणा, शेजाऱ्यांना काही बोलत नाहीत. आजारी आहेत म्हणून सांगतात. ताट वाढतात, ते तसंच राहतं, उचलतात.

शालूबाईंच्या मागच्या रांगेतल्या पोरांना हे काही पटत नव्हतं. रक्त कुठं आहे, मारामारी कधी आहे, असं त्यांचं चाललं होतं. त्यांचंही सगळंच चुकत नव्हतं. मेलेल्यांच्या तोंडाला कणीक लावली होती आणि पावसात ती फुगून गालावरून घसरत होती. एका मढ्याच्या मनगटावर घड्याळ तसंच राहिलं होतं. ओठ एकीकडे, आवाज दुसरीकडे. एक कुत्रं तर मेलेल्या पाटलाच्या मागून शेपूट हलवत थेट घरापर्यंत गेलं. त्याला धन्याचा वास ओळखीचा असणार. त्या ठिकाणी सगळं थिएटर हसलं, शालूबाईही पदर तोंडाला लावून हसल्या.

पण मधेच एक जागा आली. मेलेली सासू चुलीपुढे पाठमोरी येऊन बसते. सून दारात थबकते. मग काही न बोलता स्वतःचा पाट थोडा बाजूला सरकवते आणि भाकरी थापायला लागते. शालूबाईंचे डोळे भरून आले. पोराला अक्कल आहे, असं त्यांना वाटलं. शेजारी बसलेल्या नवऱ्याला त्या तसं म्हणणार होत्या, पण केरबाआण्णा पुढे झुकून पडद्याकडे असे बघत होते की त्या गप्प राहिल्या.

आणि मग पडद्यावर जोतिबाच्या डोंगराच्या पायऱ्या आल्या.

एक म्हातारा चढत होता. डावा पाय फरफटत, डावा हात वाळल्या फांदीसारखा छातीशी धरून. चित्रातला रंग काढून टाकला होता, आणि त्याच्या तोंडावर, मानेवर, सदऱ्यावर सुकल्या रक्तासारखं काळं काहीतरी माखलेलं होतं. त्याच्या मागे एक बाई होती, एका हातात नारळ, दुसरा हात त्याच्या पाठीशी, पण पाठीला न टेकलेला. "हळू," बाई म्हणत होती. "देव बघतोय. हळू टाका." तिचे डोळे वाहत होते आणि ती ते पुसत नव्हती.

मागच्या रांगेतली पोरंही गप्प झाली. पडद्यावरच्या बाईला आपला नवरा मेलाय हे कळत नाही आणि ती त्याला बरं करायला देवाकडे घेऊन निघालीय, एवढं थिएटरातल्या प्रत्येकाला कळलं होतं. ती बाई आपण आहोत, हे शालूबाईंना सगळ्यांच्या नंतर कळलं.

ते काळं म्हणजे गुलाल होता. त्या दिवशी डोंगराच्या पायथ्याला विजयसिंहानं मूठभर गुलाल काकांच्या तोंडाला फासला होता. देवाचं नाव घेऊन चढायचं तर गुलालात न्हाऊन चढायचं, असं म्हणाला होता. हातात कॅमेरा होता, पण तो लग्नाचं शूटिंग करणारा पोरगा, त्याच्या हातात कॅमेरा नसेल तरच नवल. घरच्यांसाठी आठवण म्हणून घेतो, असं त्यानं सांगितलं होतं.

पुराच्या आदल्या वर्षी केरबाआण्णांच्या अंगावरून वारं गेलं होतं. डावी बाजू लुळी पडली. डॉक्टर झाले, मालिश झालं, वैदूचं तेल झालं. शालूबाईंचे सोमवार होते, गुरुवार होता, चतुर्थ्या, एकादशा होत्या. त्यात त्यांनी जोतिबाला नवस केला. आमचं माणूस आपल्या पायांनी, कुणाच्या आधाराशिवाय तुझ्या दारापर्यंत चढू दे, जन्मभर तुझा रविवार धरीन. दर रविवारी त्या एसटीनं एकट्या डोंगरावर जायच्या, तेच मागायच्या आणि परत यायच्या. आणि पुरानंतरच्या माघात एका रविवारी केरबाआण्णा आपणहून म्हणाले होते, चल, आज चढून बघतो.

चढले. अर्ध्यावर थांबले, घामाघूम झाले, तरी वरच्या टप्प्यापर्यंत गेले. आणि तिथं पोचल्यावर म्हणाले, माझं चित्त देवात नव्हतं, सगळं पायात होतं, हे चढणं काही खरं नव्हे, मी परत खाली जाऊन चढतो. शालूबाईंनी हात जोडून नको म्हटलं. ते ऐकेनात. विजयसिंहाच्या खांद्याला धरून पुन्हा खाली उतरले आणि पहिल्यापेक्षाही जास्त हाल करत दुसऱ्यांदा चढले. ज्या माणसानं आयुष्यात कधी सोवळं-ओवळं मानलं नाही, त्याची अशी भक्ती बघून शालूबाईंचा ऊर फुटायची वेळ आली होती. त्या रडल्या त्या त्यासाठी. पडद्यावर होतं ते रडणं दुसऱ्या वेळचं होतं.

खेळ सुटल्यावर बाहेर नागसेन भेटला. स्थानिक पेपरात सिनेमावर लिहायचा, विजयसिंहाचा मित्र, बोलायला सरळ. त्यानं शालूबाईंना वाकून नमस्कार केला.

"मावशी, सिनेमात चुका शंभर हायत, त्या मी लिहिणार. पण ती पायऱ्यांची जागा म्हंजे सोनं हाय. आणि आण्णा, तुमचं तर काय बोलायचं. पहिल्या वेळी तुमचा पाय जरा सरळच पडत हुता म्हनं. विजूनं परत चढायला लावलं ते लई बरं केलं."

केरबाआण्णांनी त्याच्या दंडाला हात लावून त्याला थांबवायचा प्रयत्न केला. पण बोलून झालं होतं.

 घरी आल्यावर शालूबाईंनी दार लावून घेतलं आणि उभ्याउभ्याच विचारलं.

"पाय कवा बरा झाला?"

"पुरा बरा हाय कुठं अजून?"

"कवा, ते सांगा."

केरबाआण्णा खुर्चीवर बसले. "दसऱ्याच्या सुमाराला. दिवाळीत तर काठीबी लागंना."

शालूबाईंचं मन दसऱ्यापासून माघापर्यंत एकेक दिवस चाचपत गेलं. सकाळी काखेत हात घालून त्यांना उठवणं. सदऱ्याची बटणं लावणं. मोरीत पाटावर बसवून आंघोळ घालणं, आणि मग स्वतःची कंबर धरून भिंतीला टेकणं. बहिणीच्या मुलीचं लग्न गडहिंग्लजला होतं, ह्यांना टाकून कसं जायचं म्हणून त्या गेल्या नव्हत्या, आणि बहीण अजून धड बोलत नव्हती. ते सगळं एखाद्या वेळी माफ झालं असतं. पण दुसरं एक होतं. देवानं तर दसऱ्यालाच देऊन टाकलं होतं. आणि आपण माघापर्यंत दर रविवारी त्याच्या दारात जाऊन तेच मागत राहिलो. देवाला काय वाटलं असेल? दिलेलं दिसत नाही आणि पुन्हा हात पसरते, असली कशी ही बाई?

"मला का न्हाई सांगितलं?"

केरबाआण्णांनी चष्मा काढून पुसला. मग सांगायला लागले. कॅमेरा पावसात बिघडला होता, दुरुस्त होऊन यायला माघ उजाडला. तोवर लंगडी चाल मोडू नका, असं विजूचं म्हणणं पडलं. घरात सरळ चाललो तर अंगाला सवय लागेल, गल्लीत बोभाटा होईल. आणि खोटं कशाला बोलू, ते म्हणाले, तू करत हुतीस, ते बरंबी वाटत हुतं.

"आनि तुला सांगितलं असतं, तर तू रडली नसतीस. तुज्या डोळ्यातलं पाणी पायजे हुतं त्याला. खरं."

हे त्यांनी इतक्या साधेपणानं सांगितलं, जणू शेजारून साखर मागून आणली होती.  केरबाआण्णांनी उभी हयात सिनेमाच्या स्टुडिओत दिवे उचलले होते, दुसऱ्यांच्या तोंडावर उजेड पाडला होता. स्टुडिओ बंद पडले तेव्हा त्यांच्याकडे स्वतःचा असा एक फोटोही नव्हता. हे शालूबाईंना माहीत होतं, आणि दुसऱ्या कुठल्या दिवशी त्यांना नवऱ्याची दयाही आली असती.

"मग आता उपास तरी सोड," केरबाआण्णा म्हणाले. "आमच्यातच ठरवून चढलेलं हे. देव नवसाला पावला कुठं?"

"शब्द देवाला दिलाय. तुमाला न्हवं."

त्यानंतर त्यांनी बोलणं टाकलं नाही. चहा घेता का, औषध घेतलं का, एवढं विचारायच्या. पण सकाळी काखेत हात घालायला गेल्या नाहीत. केरबाआण्णा आपले आपण उठले.

आठवड्याभरात विजयसिंह पेढे घेऊन आला. पुण्याच्या एका छोट्या महोत्सवात सिनेमा निवडला गेला होता. त्यानं काकीच्या पायावर डोकं ठेवलं, चुकलो म्हणाला. बरंच बोलला. शालूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि मग हळू आवाजात सांगितलं, ती पायऱ्यांची जागा काढून टाक.

विजयसिंहाच्या हातातला पेढा हातातच राहिला.

"काकी, बाकी सगळी कणीक हाय की. ते काढलं तर सिनेमा उरतोय कुठं?"

"ते मलाबी कळतंय. मी बघितलाय सिनेमा. ती चुलीची जागाबी चांगली हाय. पण तेवढ्यावर काय भागायचं न्हाई तुझं."

"मग?"

"राहू दे की, शालू," कोपऱ्यातून केरबाआण्णा म्हणाले. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी चारचौघांत बायकोला नावानं हाक मारली नव्हती.  "जल्मात एवढं एकच केलंय मी."

शालूबाईंनी मान वर केली नाही. परातीतले तांदूळ निवडत राहिल्या. एक खडा निघाला, तो बाजूला ठेवला.

"मग राहू दे," त्या शेवटी म्हणाल्या. "पण मी दिसते तिथं खाली लिही. या बाईला काही माहीत नाही. एवढंच लिही, ठळक."

विजयसिंहानं डोकं खाजवलं. असं कुठल्या सिनेमात करत नाहीत, माणूस गुंगलेला असतो, वाक्य आलं की जागा होतो, असं त्यानं समजावून बघितलं.

"जागा होऊ दे की. नसंल जमत तर काढ."

दोन दिवस त्यानं विचार केला आणि लिहिलं. दुकानातल्या कॉम्प्युटरवर बोलावून काकीला दाखवलंही. पांढरी अक्षरं होती, ठळक. शालूबाईंनी ती दोनदा वाचली. बऱ्याच दिवसांनी त्यांना श्वास पुरा आल्यासारखा वाटला. पुण्यातल्या अनोळखी माणसांना तरी कळेल. तिथं कुणीतरी शेजारच्याला म्हणेल, अरे, हिला फसवलं की. एवढ्यावरही त्यांचं भागलं असतं.

पुण्याला त्या गेल्या नाहीत. केरबाआण्णा गेले, इस्त्रीचा सदरा घालून गेले आणि फोटो काढून आले. पुढच्या रविवारी नागसेनचा लेख आला. शालूबाई स्वयंपाकघरात नवऱ्यापुरता स्वयंपाक करत होत्या. केरबाआण्णा बाहेर मोठ्यानं वाचायला लागले.

कणीक होती, घड्याळ होतं, कुत्र्यालाही एक ओळ मिळाली होती. आवाजाच्या गोंधळावर नागसेननं चांगलं झोडपलं होतं. चुलीच्या जागेचं कौतुक होतं. मग पायऱ्या आल्या.

"'पण दिग्दर्शकाची खरी हुशारी दिसते ती पडद्यावर अचानक उमटणाऱ्या एका वाक्यात. या बाईला काही माहीत नाही. नवरा मेला आहे हे तिला माहीत नाही, एवढंच आपण तोवर पाहत असतो. हे वाक्य येतं आणि अंगावर काटा येतो. पुण्यात या जागी प्रेक्षकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. या एका कल्पनेवर बाकीचे सगळे दोष माफ आहेत.'"

वाचता वाचता केरबाआण्णांचा आवाज खाली आला. ते थांबले.

"वाचा की पुढं," शालूबाई आतून म्हणाल्या.

"न्हाई, झालंच जवळपास."

"माझं नाव हाय का?"

"हाय." त्यांनी पेपर पुन्हा वर धरला. "'शालूबाईंचा अभिनय अविस्मरणीय.'"

शालूबाईंनी गॅस बंद केला. आमटी झाकली, भाकरी फडक्यात गुंडाळली, ताट धुऊन ओट्यावर उपडं घातलं. हात पुसले, पदर नीट केला, देवापुढचा नारळ पिशवीत घातला. केरबाआण्णा दारात आले होते. त्यांना वाटलं, आता रडेल, निदान भांडेल तरी. ते वाट बघत उभे राहिले.

"एसटीची वेळ झाली," शालूबाई म्हणाल्या. "सगळं करून ठेवलंय. तुमचं तुमी वाढून घ्या. पाय हायत की आता."

आणि चप्पल घालून त्या जिना उतरल्या.