पंचवीस एमबीची सभा

पंचायतीचा संगणक चालवणाऱ्या योगिताने हेडफोनचा एक कान मागे सरकवला, म्हणजे विनोद खुर्चीतून उठला तर ऐकू यावं.

तो खदानवाल्याचा माणूस. पंचायतीच्या खोलीच्या दारातच खुर्ची टाकून, पाय उंबऱ्यावर ठेवून बसला होता.

"झालं का गं?"

"आवाज बघते, भाऊ."

"आवाजात काय बघायचं? माणसं दिसली पायजेत. साहेब गर्दी बघतो, गाणी नाय ऐकत."

पाड्याच्या ग्रामसभेचा व्हिडिओ चौदा मिनिटांचा होता. सरकारी साइट पंचवीस एमबीच्या वर घेत नाही, आणि पाच वाजायच्या आत चढवायचा होता. आवाजाला जेवढं द्यावं, तेवढं चित्रातून कापावं लागे. ती आवाजाचा आकडा खालून वाढवत बघू लागली.

आवाज ३२

चित्र झकास. पुढे बसलेल्या रुपीच्या लुगड्याची किनारसुद्धा दिसते. सरपंच विचारतात, "डोंगरावरची खदान सगळ्यांना मंजूर?" पुढे चार सेकंद खरखर, पत्र्यावरून वारा गेल्यासारखी. इतिवृत्तात त्या खरखरीच्या जागी लिहिलंय: एकमताने मंजूर.

पण त्या दिवशी वारा नव्हता.

या पाड्यावर सासऱ्या-दिरांसमोर बाई एकटी बोलत नाही. सगळ्या एकदम बोलतात, माना खाली घालून. कोण बोललं ते कोणालाच सांगता येत नाही. मागच्या सभेत भिका एकटा उभा राहून बोलला. आठ दिवसांत त्याची पेंढ्याची उडवी जळाली. कोणी जाळली ते सगळ्यांना ठाऊक होतं, आणि पोलिसांना सांगायला कोणी गेलं नाही.

आवाज ६४

खरखरीतून एक "ना" वर आलं. नुसतं "ना".

आवाज ९६

"नाय. नाय द्यायचा डोंगर. झरा हाय तिथं."

घोळका उसवला होता. पारूचा खोकला वेगळा झाला, माघीचं बोबडं बोलणं वेगळं, रखमीचा घोगरा सूर वेगळा. आणि चित्र अजून इतकं स्वच्छ, की कोणाचे ओठ कधी हलले तेही मोजता येईल. आपण सभा चढवतोय की विनोदच्या हातात नावं देतोय?

ती परत ३२ वर आली. कोणी बोललंच नाही. सगळ्या घरी सुखरूप. चैत्रात पाणी कुठून आणायचं, एवढंच उरतं.

"चहा सांगू का?" विनोद दारातून म्हणाला. "का घरी जायची घाई हाय?"

"नको, भाऊ."

तो गोड बोलला की तिला जास्त भीती वाटे.

मग तिला सुचलं. विनोद मोखाड्याचा, बाहेरचा; त्याच्यासमोर बायका तोंड उघडत नाहीत. त्याला इथल्या बायकांची तोंडं ठाऊक आहेत, आवाज नाहीत.

आवाज १२८, चित्र २४०

तोंडं नाचणीच्या उंड्यांसारखी झाली. लुगड्यांचे रंग एकमेकांत कालवले गेले. कोण पारू, कोण माघी, आईलाही लेक ओळखू येणार नाही. आणि त्या कालवणातून शब्द न् शब्द.

तिने पुन्हा एकदा ऐकलं. सरपंचांचं "मंजूर" संपता संपता, सगळ्यांच्या आधी, एक "नाय". हळू, पण अगदी जवळून. आधीच्या आकड्यांत ते कुठेच उमटलं नव्हतं. कोणाचं म्हणून तिने ३२ च्या स्वच्छ चित्रात शोधलं. पडद्यावर ती बाई नव्हती.

मोबाइल त्या दिवशी योगिताच्या हातात होता.

आपण बोललो हे तिला आठवत नव्हतं. आणि पाड्यावरच्या बायकांतला तिचा एकटीचा आवाज विनोदच्या रोजच्या कानावरचा होता. तिने पुन्हा ऐकलं, आणि पुन्हा. तेवढा अर्धा सेकंद मुका करता आला असता. पण मुकं केलेलं भोक कळतं. फेरफार केला म्हणून अख्खा व्हिडिओ बाद करायला तेवढं पुरलं असतं.

खुर्ची करकरली.

योगिताने अपलोड दाबलं.

विनोद येऊन मागे उभा राहिला. "हे काय गं? भूतं बसलीत काय सभेला?"

"नेटला जड जातं, भाऊ. पाच वाजत आलेत."

"आण बरं इकडे." त्याने तिच्या डोक्यावरून हेडफोन काढला, एक कान आपल्या कानाला लावला आणि स्वतःच माऊस धरून सभा चालू केली. खाली अपलोडची निळी पट्टी सरकत होती. त्र्याऐंशी टक्के. सत्त्याऐंशी.

त्याचा हात थांबला. त्याने मागे नेऊन परत ऐकलं. वाकून एकेका पुसट तोंडावर नजर फिरवली.

"ही पयली कोण गं बोलली?"

योगिताने ओठ मिटून घेतले. बोटाने पट्टी दाखवली. ब्याण्णव.

"तुलाच विचारतोय. आवाज बसला का तुझा?"

त्र्याण्णव.