बोंडल्याच्या चोचीतलं दूध

मी एक जुनं चांदीचं बोंडलं आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला पाहिलंही नसेल. छोट्या वाटीला पुढं चोच काढली की झालं बोंडलं. ती चोच तान्ह्या बाळाच्या ओठांत धरायची आणि दूध थेंबाथेंबानं आत सोडायचं, एवढंच माझं काम. चाळीस वर्षं ते केलं. आता मी थकलो आहे, आणि हा थकवा कामाचा नाही.

निजामाचं राज्य संपवणारी पोलिस अ‍ॅक्शन होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. पडेगावच्या पुंजारामांनी घरातले निजामाच्या छापाचे जुने हाली रुपये औरंगाबादच्या सराफ्यात वितळवले आणि मला घडवून घेतलं. त्यांच्या सुनेला, द्वारकाबाईला, दिवस गेले होते. घरात पहिलं नातवंड येणार म्हणून केवढा आनंद होता!

मुलगा झाला, घरातच. बाळ जन्माच्या वाटेनं येतं तेव्हा आईच्या अंगावरचे न दिसणारे जीव त्याच्या तोंडात उतरतात. तुम्ही त्यांना जंतू म्हणता आणि नाक मुरडता. पण सगळे जंतू वाईट नसतात. काही राखणदार असतात. आईच्या दुधावर ते तोंडात मुक्काम करतात आणि उपऱ्यांना सहसा जागा देत नाहीत. हे मी सांगतो, कारण तान्ह्यांच्या तोंडात माझ्याइतकं कोण डोकावलं आहे?

पण मोठी माणसं म्हणाली, पहिल्या दिवसांचं चिकाचं दूध वाईट. ते पिळून टाकलं गेलं. बाळाला मध चाटवला आणि मग माझ्यातून गाईचं दूध सुरू झालं; आईचं नंतर, तेही अधूनमधून. मला रोज राखेनं घासत, बाहेरून अगदी आरसा. चोच मात्र अरुंद. तिच्यात बोट जात नसे आणि काडी घालून कुणी पाहत नसे. आत दूध साचे, आंबे. वाईट जंतूंना याहून चांगलं बिऱ्हाड कुठं मिळणार?

एकोणिसाव्या दिवशी ते बाळ हगवणीनं गेलं. कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं आईचं दूधच विषारी. द्वारकाबाईनं हे दुसरं कारण ऐकलं आणि मनात ठेवून दिलं. खरं काय ते मला ठाऊक होतं. पण भांड्याला चोच असते, वाचा नसते.

पुढची चार लेकरं जगली. गाईचं दूध पुरत नसे, म्हणून द्वारकाबाई भीत भीत अंगावर पाजायची; ती तिच्याच दुधावर जगली, मी वरवरचा होतो. नाव मात्र माझं झालं! शेजारची आवडाबाई मागून न्यायची, साळूबाई मागून न्यायची. बाळ गुटगुटीत झालं की बोंडलं गुणाचं, आजारी पडलं की नजरेचा दोष. असल्या कौतुकाचा मला वीट आला.

मग द्वारकाबाईच्या सुनेचं, सारजाचं, बाळंतपण आलं. मूल आडवं होतं, म्हणून शहरातल्या दवाखान्यात ऑपरेशन करावं लागलं. अशा बाळाला आईकडची ती राखणदार मंडळी जन्मताना तेवढी भेटत नाहीत. आधी भेटतात ती हातांवरची, कपड्यांवरची. म्हणून त्याला आईचं दूध लवकर हवं. पण सारजा टाक्यांच्या दुखण्यानं बेजार, आणि नर्सची पाठ वळली की द्वारकाबाई पदराआडून मला काढायची. तिनं हे सगळं मायेनंच केलं. आपलं लेकरू गेलं तसं हे जायला नको, एवढंच तिच्या मनात होतं.

दहाव्या दिवशी, घरी आल्यावर, बाळाच्या जिभेवर साईसारखा पांढरा थर धरला. पुसला तरी जाईना. बाळ तोंड लावायचं आणि रडून सोडायचं. सारजाचं दूध आटत चाललं, बाळ सुकत चाललं.

टाके बघायला गावातली अख्तरी नर्स घरी आली. तिनं बाळाचं तोंड पाहिलं आणि माझ्याकडं बोट केलं.

"मावशी, ये बंद करा आधी. मायच्या अंगावर घ्या याला."

"अगं, लई गुणाचं हाय ते. आमच्या घरातली समदी लेकरं याच्यावरच वाढली."

"मग मला उकळतं पाणी द्या अन् एक सुई."

अख्तरीनं मला पाण्यात बुडवलं, सुईला कापूस गुंडाळला आणि माझ्या चोचीतून आरपार ढकलला. पिवळट, आंबूस लगदा बाहेर आला. खोलीभर वास सुटला. मित्रांनो, त्या दिवशी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"हे जात होतं बच्च्याच्या तोंडात," अख्तरी म्हणाली. "मायच्या दुधात औषध असतंय मावशी, चिकात तर लईच."

द्वारकाबाई खाली बसली. तिनं त्या लगद्याला बोट लावून पाहिलं. "म्हंजी… माझं पहिलं पोरगं गेलं, ते माझ्या दुधानं नाय गेलं?"

"नाय, मावशी. तुमचं दूध चांगलंच होतं."

चाळीस वर्षांचं रडणं त्या म्हातारीनं तिथंच रडून घेतलं. सारजानं टाक्यांचं दुखणं विसरून तिला जवळ घेतलं.

अख्तरीनं बाळाच्या तोंडात जांभळं औषध लावलं आणि रोज येऊन त्याला आईजवळ धरलं. पहिले चार दिवस नुसती रडारड. पाचव्या दिवशी बाळ प्यायलं, आणि पीतच राहिलं. जन्माच्या वेळी चुकलेली मंडळी आता दुधाबरोबर, कुशीच्या उबेबरोबर, हळूहळू मुक्कामाला आली असणार. मला आत डोकावायची गरज उरली नव्हती.

आता मी फडताळात काळा पडलो आहे. मित्रांनो, बाकीची भांडी म्हणतील, आम्हांला घासा, पुसा, जपा. माझं मागणं उलटं आहे. घरात बाळ आलं, तर मला शोधू नका. आधी आईला जपा. तिला टेकायला उशी द्या, पोटभर खायला द्या, आणि कधीही म्हणू नका की तुझं दूध वाईट आहे. ते एक वाक्य द्वारकाबाईनं चाळीस वर्षं वाहिलं, आणि दोषी तिच्या हातातच होता.