शिगेनं भरलेला शेर

बनुबाईच्या फडताळात धान्य मोजायची मापं तीन होती : एक पायली, एक अधोली आणि मी. मी एक जुना लोखंडी शेर आहे, मित्रांनो. मी चार वेळा भरलो की पायली होते. म्हसवडच्या लोहारानं मला घडवलं, सरकारनं काठावर शिक्का मारला. पुढं किलो आले, दुकानदारानं मला टाकून दिलं आणि बनुबाईनं घरी आणलं.

आमच्याकडे मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात. दोनपासून पुढं आकडे.

बनुबाईचा मुलगा नाथाजी पलटणीत होता. एकाहत्तरच्या डिसेंबरात रेडिओनं लढाई थांबल्याचं सांगितलं. लढाई थांबली म्हणजे पोरगा निघाला, असं तिनं धरलं. त्या रविवारी तिनं मला काठावर ढीग चढून शीग येईपर्यंत भरलं, ‘लाभ’ म्हणत ज्वारी नव्या पोत्यात ओतली. नाथाजी येईपर्यंत दर रविवारी एक शेर टाकायचा आणि तो आला की गावाला जेवण घालायचं, असं तिनं ठरवलं.

आठ दिवसांनी तार आली. नाथाजी पश्चिम सीमेवर बेपत्ता होता. “धरून नेला आसंल. सोडत्याल,” ती म्हणाली. रविवारचा शेर चुकला नाही.

पुढच्या वर्षी पाऊस आला नाही. घरात रेशनचा तांबडा मिलो, परदेशातनं आलेली ज्वारी, शिजू लागला. नवरा धोंडीबा म्हणाला, “आगं, पोतं सोड. त्यो आल्यावर दुसरी ज्वारी घिऊ.”

“कुठनं घिताय, आवं? आबाळातनं?”

दुष्काळी कामावर खडी फोडून मजुरीची जी ज्वारी यायची, तिचा पहिला शेर पोत्यात जाई.

खडीच्या कामावर एक पुढारी आले. सावलीला उभे राहून म्हणाले, “आपण युद्ध जिंकलं!”

बनुबाई हातोडी घेऊनच उठली. “जिंकलं, तर माझा नाथाजी कुनाकडं ऱ्हायला?”

“चौकशी चालू आहे, आई.”

“जिंकल्याली जमीन माघारी दिली,” शेजारचा गुंडा नावाचा गडी ओरडला, “आन् मानसं मागायची इसरला व्हय?” बायामाणसं हसली. पुढाऱ्यांची जीप गेली. त्यांनी नाव कागदावर लिहून घेतलं नव्हतं.

वर्षअखेर कैद्यांची अदलाबदल झाली. नाथाजीच्या पलटणीतला लालासाहेब सुटून आला तो शनिवारी थेट आमच्या घरी. चहा त्याच्या हातात तसाच राहिला.

“मावशी, आमच्या छावणीत नाथाजी न्हवता.”

“दुसऱ्या छावणीत आसंल.”

“सगळ्या छावण्यांतली आमी वाघा बार्डरवरनं एकत्रच आलो, मावशी.”

मित्रांनो, मला गंज चढला आहे, तळाला पोचे आहेत, पण मी कधी कमी भरलो नाही. कुणाला शब्द द्याल तेव्हा माप अर्ध्यावर धरू नका. कुणीतरी घरी पोतं उघडून बसलेलं असतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. बनुबाईनं पोत्याच्या तोंडाची दोरी सोडली आणि पोतं रिकामं केलं. आत किडे लागले होते. तिनं ज्वारी चाळली आणि मला भरलं. धोंडीबा ‘लाभ’ ऐकायला थांबला होता.

“एक,” ती म्हणाली.

बावन्न रविवारांचे बावन्न शेर ओतले होते. ज्वारी भरली एकोणचाळीस शेर, किडकं पीठ सहा शेर. उरलेले सात शेर किड्यांनी खाल्ले होते.