कावळ्याला दिलेला शब्द

लोकल बोर्डाच्या निवडणुकीत लोणावळ्याचे हौशीरामभाऊ पडले, आणि त्यांना पाडलं ते एका कावळ्यानं. पण असं काही घडलंच नाही, असं धरून आपण पुढं जाऊ. भाऊ स्वतः तसंच धरून चालले आहेत.

तर भाऊ उभे होते. भाषणाची त्यांना फार हौस. अडचण एवढीच की सभेला माणसं जमवावी लागतात, हलगीवाला लागतो, चहा लागतो. दहाव्याला मात्र सगळा गाव नदीकाठी आयता जमतो, गप्प बसतो आणि मधेच उठून जात नाही. म्हणून मावळात कुठंही कुणी गेलं की दहाव्याला भाऊ काळा कोट चढवून हजर. सोबत मेहुणा गेणू. तो वाटेत मयताचं नाव सांगायचा. बाकीचा माणूस भाऊ भाषणात तयार करायचे.

त्या दिवशीचे मयत कोंडाजीआबा. भाऊंनी त्यांना जन्मात पाहिलेलं नव्हतं.

"आबा म्हणजे माझे थोरले बंधूच! माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, हौशा, गरिबाला विसरू नको."

आबांच्या बायको मुक्ताबाई डोळे पुसायच्या थांबल्या आणि भाऊंच्या खांद्याकडं बघत राहिल्या.

भाषण संपलं. पिंड मांडलेला होता, कावळे समोरच्या उंबरावर होते, पण एकही खाली येईना. मुलानं हात जोडून "आबा, आयला संबाळीन" म्हटलं. कावळा हलला नाही. आबांच्या धाकट्या भावानं, शिदूनं, भांडणातला शेताचा बांध सोडला. तरी नाही. भटजी दर्भाचा कावळा करायला बसले.

भाऊंना वडगावचा दहावा गाठायचा होता. आणि आश्वासन देण्यात त्यांचा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता. ते पिंडापुढं गेले आणि सभेतल्या आवाजात म्हणाले, "आबा! तुमची जी इच्छा राहिली असेल, ती हा हौशीराम पुरी करील. सगळ्या गावासमोर शब्द देतो!"

कावळा झपकन खाली आला. एक घास घेतला, मग दुसरा. भाऊंनी अभिमानानं मागं वळून पाहिलं. गाव खाली बघत होता.

"भाऊ, इच्छा ठावं हाय का तुमाला?" शिदूनं हळूच विचारलं.

"असेल ती. विहीर म्हणा, रस्ता म्हणा."

"तसलं न्हाई. वयनी, तुमीच सांगा."

मुक्ताबाईंनी पदर सावरला. "मागल्या खेपंला तुमी वढ्यावर साकव बांदतो म्हनलाता. नारळबी फोडलाता. हे रोज जाऊन बगायचे, आला का दगूड म्हनून. मग पावसाळ्यात वढा उतरताना पाय मोडला, आन अंथरूण धरलं. एकच म्हनायचे, त्यो कोटवाला पडला पायजे. जाताजाताबी त्येच."

भाऊंना साकव आठवेना. नारळ आठवला. खोबरं गोड होतं.

"मला तसं म्हणायचं नव्हतं," ते पुटपुटले. कान तापले होते. एवढ्या उन्हात कोट काढावा तर आणखीच उघडं पडल्यासारखं होणार.

"आता म्हनून झालं की," शिदू समजुतीनं म्हणाला. "पन तुमी घोर करू नका. मेल्या मानसाला दिल्याला शब्द, एकट्यानं झेपायचा न्हाई. सगळा गाव हात लावंल. एक मत तुमाला पडू द्यायचो न्हाई."

एका म्हातारीनं भाऊंची दृष्टसुद्धा काढली. "लय मोटं मन, बाबा. सोताला पाडायला काळीज लागतंय."

कुणी टोमणा मारत नव्हतं. तेच भाऊंना सोसेना.

स्टेशनाच्या वाटेवर ते गेणूवर घसरले. "हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"तुमी निस्तं नाव इचारता, दाजी." गेणू जवळ सरकला. "वडगावच्या मयताचं सांगू?"

"नको."

वडगावला ते गेले नाहीत. घरी येऊन कोट न काढताच अर्ज लिहायला बसले. साकवाचा मजकूर त्यात घालावा असं दोनतीनदा मनात आलं, पण तिथं आलं की टाक थांबायचा. शेवटी तेवढं गाळून अर्ज पुरा झाला, तो असा:

"मेहेरबान मामलेदारसाहेब, तालुके मावळ, मुक्काम वडगाव, यांचे सेवेशी. अर्जदाराची नम्र विनंती की, नदीकाठच्या उंबरावर राहणाऱ्या कावळ्यास कचेरीत हजर करवून, त्याने पिंडास चोच लावली ती केवळ भुकेपोटी, अर्जदाराच्या शब्दावरून नव्हे, असा त्याचा जबाब पंचांसमक्ष लिहून घ्यावा; आणि सदरहू जबाब मतदानापूर्वी गावात दवंडी पिटून कळविण्याची तजवीज व्हावी."