पन्नास लाकडी माशांची दृष्ट

आमच्या घरात तीन पिढ्या कोणी हाताला ग्रीस लागू दिलं नव्हतं. सासरे नीळकंठराव कोर्टात नाझर, त्यांचे वडील तहसिलीत. माझ्या नवऱ्यानं, चारुदत्तनं, मात्र लोहाऱ्याच्या एमआयडीसीत लेथ मशीन टाकली. जिनिंगच्या मशीनचे सुटे भाग करायचे. काही वर्षं बरी गेली. मग कापसाचे दिवस फिरले, एकेक जिनिंग बंद पडलं आणि आमच्या लेथवर धूळ बसायला लागली. मामंजी रोज जेवताना एकच विषय काढायचे. धाकट्या दिरानं पुण्यात स्टोअरकीपरची जागा बघून ठेवली होती, चारूनं मुकाट्यानं रुजू व्हावं. मला जायचं नव्हतं. हा माणूस लेथसमोर उभा राहिला की गुणगुणतो. दुसऱ्याच्या गोदामात नटबोल्ट लावत बसलेला मला बघवला नसता.

अशात माझा भाचा श्रेयस अंदमानहून आला. तो तिथं बोटीवर असतो. जगभरातले हौशी लोक गळ घेऊन तिथल्या गरम समुद्रात मोठमोठे मासे धरायला येतात, त्यांना हा फिरवतो. त्यानं आम्हाला एक फोटो दाखवला. दोन धट्ट्याकट्ट्या माणसांनी मिळून उचललेला चांदीच्या रंगाचा मासा, कपाळ हे एवढं मोठं आणि चेहऱ्यावर भाव असा की जणू त्याला कोणी जेवणावरून उठवलंय. नाव जायंट ट्रेव्हली. बोटीवर सगळे जीटी म्हणतात.

या जीटीला गळाला लावायचं तर लाकडाचा मासा लागतो. त्याचं तोंड वाटीसारखं कोरलेलं असतं. पाण्यावरून झटका देऊन ओढला की भळ्ळकन आवाज होतो आणि जीटीला वाटतं, एखादा लहान मासा तडफडतोय. श्रेयसनं आमची बंद लेथ पाहिली आणि म्हणाला, "काका, पन्नास करून द्या. चालले तं दर सीझनले लागतील."

मामंजींनी ऐकलं आणि पुन्हा वरणभात कालवायला घेतला. "हे शेवटचं," एवढंच म्हणाले. चारुदत्तनंही मान डोलावली. मासे चालले नाहीत तर पुणे, असं त्याच ताटावर ठरलं.

जीवन आमचा लेथवरचा माणूस, कळंबकडच्या तांड्यावरचा. त्यानं शिवणीचं हलकं लाकूड शोधून आणलं. रंगवायला त्याची बायको पुष्पा आली. आरसे आणि रंगीत दोरे यांच्या भरतकामात वाढलेला तिचा हात. तिनं पाठीवर निळा, पोटावर रुपेरी असा रंग दिला की लाकूड ओलं दिसावं. आमच्यापैकी समुद्र कोणीच पाहिला नव्हता, म्हणून चाचणी निळोण्याच्या धरणावर झाली. चारुदत्त अख्खा रविवार लाकडी मासा लांब फेकत आणि झटके देत परत ओढत राहिला. गळ लावलेलाच नव्हता, आवाज तेवढा ऐकायचा होता. काठावर धुणं धूत असलेल्या एका बाईला शेवटी राहवलं नाही. "भाऊ, कायले जीव आटवता? बाजारात मिळते ना मासोळी," ती म्हणाली.

पन्नास मासे तयार होऊन दोरीवर वाळायला लागले, तेव्हा आजूबाजूच्या कारखान्यांतली माणसं जेवणाच्या सुट्टीत बघायला आली. जो तो म्हणायचा, काय देखणे झालेत. मलाही फार कौतुक वाटलं, आणि लपवलं नाही.

दुसऱ्या दिवशी खोकं भरताना चारुदत्तचा आवाज चढला. प्रत्येक माशाच्या डाव्या गालावर काळा ठिपका होता.

"हे काय हाय पुष्पा?"

"गालबोट हाय, भाऊ. काजळाचं."

"काहून पण?"

"काल अख्खी एमआयडीसी पाहून गेली ना. न हे पह्यल्यांदाच एवढ्या दूर चालले. घरून निघताना लेकराले लावतेच ना आपण." तिनं ठिपक्यावर लॅकरचे दोन हातही मारले होते, समुद्राच्या पाण्यानं जाऊ नये म्हणून.

चारुदत्तनं डोक्याला हात लावला. नागपूरची गाडी निघायची होती, खरवडायला वेळ नव्हता. खोकं तसंच गेलं.

आठवड्याभरानं अंदमानहून श्रेयसचा फोन आला. आवाजात जीव नव्हता. "काका, दोन दिवस झाले फेकून राह्यलो. आवाज मस्त होते. पण एकही जीटी त्याच्याकडे पाहूनच नाही राह्यला. बाजूनं निघून जातात."

चारुदत्त स्टुलावर बसला. मला म्हणाला, "कुंदा, उद्या पुण्याले फोन लावतो." मला त्या वेळी सगळ्या समुद्राचा राग आला. मी पुष्पाला सांगायला बाहेर गेले. वाटलं, बिचारी रडेल.

तिला मुळीच वाईट वाटलं नाही. "पाह्यनच कसा, वयनी? गालबोट लावलं ना मी."

"म्हणजे?"

"नजर लागू नाही म्हणूनच लावते ना? माणसाची लागली नाही, तं माशाची कशी लागन? त्याले म्हणा, खरवडून टाक."

मी हसले, मग हसता हसता थांबले. यात खोट काढायला मला जागा सापडेना. चारुदत्त म्हणाला, असलं काही श्रेयसला सांगून माझी शोभा करू नको. मी त्याच्या देखतच फोन फिरवला. श्रेयस पलीकडे खो खो हसला, पण म्हणाला, चाकू हाय माझ्याजवळ मावशी, करून पाहतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला तेव्हा आधी नुसता वारा ऐकू आला. मग श्रेयस ओरडून बोलत होता. पाण्यावर बादली आपटावी तसा आवाज झाला म्हणे, मासा पाण्याबाहेर अर्धा आला, लाकूड गिळलं आणि बोटीखाली घुसला. दमून वर आला तेव्हा धरणारा माणूसच खाली बसला. "काका, होळीच्या आत अजून दोनशे लागतील. बिनागालबोटाचे." मग प्रामाणिकपणे हेही म्हणाला की त्याच सकाळी वारा फिरला होता, आणि वारा फिरला की जीटी वर येतात.

"वाराच असन," चारुदत्त म्हणाला. पुष्पानं वाद घातला नाही. तिनं वेगळंच विचारलं, "खाल्ला त्यायनं?"

"नाही. खात नाही ते. उचलून फोटो काढतात न सोडून देतात पाण्यात," चारुदत्त म्हणाला.

पुष्पाच्या हातातला ब्रश थांबला. "एवढ्या मोठ्या जीवाले अंगाखांद्यावर घेतलं, सगळ्यायनं डोळे भरून पाह्यलं, न तसंच सोडलं? मंग गालबोट त्याले पाह्यजे होतं, भाऊ. लाकडाले नाही."

संध्याकाळी चारुदत्तनं पुण्याला फोन केला आणि येणार नाही असं एका दमात सांगितलं. मामंजींनी पेपर खाली केला, श्रेयसनं पाठवलेला त्या माशाचा फोटो मागून घेतला आणि चष्मा वर-खाली करत बराच वेळ पाहिला. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. इतका आनंद मला लग्न ठरलं तेव्हाही झाला नव्हता.

दोनशे माशांचं खोकं निघालं त्या दिवशी पट्टी मी चिकटवत होते. सगळ्यात वर, कागदात गुंडाळलेली काजळाची नवी डबी होती. मी नवऱ्याकडे पाहिलं.

"खोक्यात जागा राह्यली होती," तो म्हणाला आणि लेथकडे वळला.