लवूच्या दाढेचं गाऱ्हाणं

लालबागच्या त्या चाळीत देवापुढं गाऱ्हाणं घालावं तर लवूनंच. पूजा असो, बारसं असो, कुणाची नवी मोटारसायकल असो, लवूनं हात जोडून "बा देवा म्हाराजा" म्हटलं की दोन्ही मजले "व्हय म्हाराजा" करत. असा खणखणीत गळा! आणि त्याच तोंडात खालची दाढ पंधरा दिवस ठणकत होती, तर हा पठ्ठ्या तिच्यात लवंग कोंबून, वर तंबाखूचा बार लावून लिफ्टमनच्या नोकरीवर टॉवरची लिफ्ट दिमाखात वरखाली करत होता.

"दाताच्या डाक्टराकडे चला वो," बायको सुभद्रा रोज सांगे.

"गप रव गे. दात दुखान कोण मेलो नाय अजून."

केवढा विद्वान! शनिवारी गाल सुजून टम्म झाला, तेव्हा विद्वानांनी गरम मिठाच्या पुरचुंडीनं तो दिवसभर शेकला. रविवारी दुपारपर्यंत सूज जबड्याखाली उतरली, ताप चढला. त्यात संध्याकाळी चाळीची सत्यनारायणाची पूजा. मंडळाचा अध्यक्ष राजेश धावतच आला. त्याला लवूची काळजी होतीच, पण आधी गाऱ्हाण्याची.

त्यानं लवूकडं एकदा बघितलं आणि निदान करून टाकलं. एक्सरे नाही, काही नाही.

"वैनी, शिमग्याक लवूदादान गावच्या राखणदार देवाक नारळ कबूल केल्यान. दिल्यान काय? नाय! ह्या त्येचाच फळ."

झालं! नारळ आला. पाच-सात बाप्ये डोक्याला टोप्या घालून गॅलरीत उभे राहिले. लवूला मधोमध खुर्चीत बसवला.

"बा देवा म्हाराजा! लवूकडसून जी काय चूक झाली, ती पदरात घी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

लवूही म्हणायला गेला, पण जबडा उघडेचना. नुसती लाळ शर्टावर गळली. सुभद्रानं पाण्याचा पेला ओठांना लावला, तर घोट आत न जाता तसाच बाहेर आला. तो काहीतरी बोलला ते तोंडात भाताचा गोळा धरून बोलावं तसं. तिनं भाचीला फोन लावला. श्रेया परळला दातांच्या दवाखान्यात कामाला होती.

"मावशी, तोंडात दोन बोटं जातात?"

"एकपण जात नाय गे."

"थुंकी गिळतायत?"

"नाय. गळता सगळी."

"जबड्याखाली हात लाव. कडक लागतंय?"

"लाकडासारख्या."

"मग आमच्याकडे नको, सरळ मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत ने. आत्ताच्या आत्ता! आडवं झोपवू नको, बसवूनच ने. सूज गळ्यात उतरली तर श्वास अडकतो, मावशी."

राजेश आडवा आला. "वैनी, दोन मिन्टा थांबा, नारळ फोडून होऊ दे."

"नारळ तुमी फोडा. घोव माझो असा!" म्हणत तिनं लवूला दंडाला धरून उठवला, टॅक्सीत घातला.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी आधी श्वासाला नळी घातली, मग मानेवर चीर देऊन वाटीभर पू काढला, दाढ उपटली. "अजून थोडा उशीर झाला असता तर हाती लागले नसते," म्हणाले. सुभद्रा बाहेर बाकावर बसून रडली आणि रडता रडता नवऱ्याला शिव्या घातल्या.

दहाव्या दिवशी मानेला पट्टी बांधून लवू घरी आला. राजेश पेढे घेऊन हजर! एक पेढा स्वतः डाव्या बाजूनं जपून चावत म्हणाला, "बघितलास? नारळ पावलो!"

डॉक्टर, नळी, टॅक्सी, सगळं गेलं उडत. आभाराचं गाऱ्हाणं घालायला पुन्हा टोप्या चढल्या. राजेशनं हात जोडले, तेवढ्यात सुभद्रा पुढं आली. चाळीत बाईमाणसानं गाऱ्हाणं घातल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

"बा देवा म्हाराजा! दाढ ठणकली तर लवंग कोंबूच्या आदी माणसाक डाक्टराकडे धाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सवयच ती. तोंडं आपोआप उघडली.

"गाल सुजलो तर शेकूची बुद्धी देव नको. थुंकी गिळूक येना नाय, तर नारळ शोधीत न बसता थेट हॉस्पिटलात ने रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आनी ह्या राजेशाची उजवी दाढ महिनाभर दुखता, पण मेलो सांगना नाय. त्येका उद्या सकाळी नऊ वाजता श्रेयाच्या दवाखान्यात नेऊन बसव रे म्हाराजा!"

राजेशचा हात गालावर गेला. पण तोवर दोन्ही मजले "व्हय म्हाराजा" म्हणून मोकळे झाले होते, आणि सगळ्यांत मोठ्यानं, मानेची पट्टी धरून, लवू.