नाल्याकाठची जागा

चिचटोल्यात ख्रिस्ती मंडळी होती आणि तिची सभासदसंख्या एक होती. रविवारी सकाळी दहा वाजता कमळाबाई धुतलेलं लुगडं नेसून खाटेवर बसत, चष्मा पुसत, शास्त्र स्वतःच वाचत आणि स्वतःच ऐकत. चंद्रपूरचे पाळकसाहेब दोन महिन्यांतून एकदा मोटरसायकलवर येत, तेव्हा उपस्थिती दुप्पट होई. नवरा हरिदास होता तोवर निदान 'आमेन' म्हणायला घरात दुसरा आवाज होता. तो जाऊन सहा वर्षं झाली. गावाने पुष्कळ चर्चा करून त्याला नाल्याकाठी मोहाच्या झाडाखाली पुरू दिलं होतं. "एकदाच हं," असं तेव्हाही सरपंच असलेले लटारूभाऊ म्हणाले होते, जणू हरिदास पुन्हा मरणार होता.

तेव्हापासून कमळाबाईंची गावाकडे एकच मागणी होती. आपल्यालाही त्याच्या शेजारी सहा फूट जागा मिळावी. मिशनच्या दवाखान्यात तीस वर्षं आया म्हणून राबल्यावर जिवंतपणी एकटं राहणं त्यांना जमून गेलं होतं. मेल्यावर मात्र सोबत हवी होती. त्यांचा अर्ज तीन ग्रामसभांनी 'पुढच्या सभेत घेऊ' असा मंजूर केला होता.

रोवण्याचे, म्हणजे भातलावणीचे, दिवस होते. त्या रविवारी उपासना आटोपून कमळाबाई तांदूळ निवडत होत्या, तेवढ्यात लटारूभाऊ आले, ओसरीवर बसले आणि म्हणाले, "बाई, पाणी द्या घोटभर."

सहा वर्षांत या घरचं पाणी गावातल्या कोणी मागितलं नव्हतं. कमळाबाई इतक्या गडबडल्या की त्यांनी पाण्यात साखर घातली.

"उद्या गावबांधणी हाये," लटारूभाऊ मिशा पुसत म्हणाले. गावात रोगराई शिरू नये म्हणून मंत्राने शीव बांधायची ही दरसालची पूजा. "घरटी एक मूठ तांदूळ. तुमचा देव येगळा म्हणून दरसाल तुमचं घर सोडत होतो. यंदा नाई सोडत."

"काऊन?"

"वारलू पुजारी म्हणते, एक घर सुटलं का बांधणी फुटते. यंदा मंगलीले बाहेर ठेवून बांधाची हाये न. मूठ टाकाची आन् म्हणाचं, 'मंगली आमची नाई.' बस. तुमाले पूजा नोको, काई नोको." ते उठले आणि जाता जाता सहज आठवल्यासारखं म्हणाले, "आन् ते नाल्याकाठचं, उद्याच ठराव लिहून टाकू. आता तुमी आमच्यातल्याच."

'आमच्यातल्याच' हा शब्द कमळाबाईंनी लटारूभाऊ गेल्यावरही बराच वेळ जपून ठेवला.

मंगली म्हणजे गावाच्या टोकाला राहणारी साठीची विधवा, अर्ध्या एकराची आणि भल्यामोठ्या तोंडाची मालकीण. तिच्यावर प्रेम करावं असं तिच्यात काही नव्हतं. कमळाबाईंना ती 'येशूबाई' म्हणे. एकदा तिने त्यांच्या वेलावरचा दुधी चोरला आणि दुसऱ्या दिवशी येऊन तो कडू निघाल्याची तक्रार केली.

गेल्या महिन्यात रंजीताची चार वर्षांची दिव्यानी तापाने फणफणली होती. रंजीता तिला मांडीवर घेऊन वारलूच्या दारात अंगाऱ्यासाठी बसली होती. मंगली तिथून चालली होती. ती ओरडली, "अंगारा काय लावून राह्यली वं! दवाखान्यात ने, नाईतर पोरगी मरंल!"

पोरगी तिसऱ्या दिवशी गेली. गावाने हिशेब सरळ मांडला. मंगली बोलली, तसं झालं. म्हणजे मंगलीनेच केलं. वेधशाळेने पाऊस सांगितला आणि तो आला, तर तो वेधशाळेने पाडला असं अजून कोणी म्हटलेलं नाही. पण वेधशाळा विधवा नसते.

गावाला माहीत नव्हतं ते एवढंच, की त्या वेळी समोरच्या बोरिंगवर कमळाबाई घागर भरत होत्या. पोरीचे पांढरेफटक ओठ त्यांनी पाहिले होते. तीस वर्षं दवाखान्यात काढलेल्या बाईला हिवताप ओळखायला पुस्तक लागत नाही. पण ख्रिस्ती बाईने दवाखान्याचं नाव काढलं की लोकांना धर्मांतराचा वास येतो. आपलं नाव खराब होईल, अर्ज मागे पडेल, म्हणून त्यांनी घागर डोक्यावर घेतली आणि त्या घरी आल्या.

दुपारभर त्यांनी प्रभूला विचारलं. प्रभू काही बोलला नाही. त्याची ही जुनी सवय. माणसाला उत्तर ठाऊक असलं की तो मध्ये पडत नाही. सोमवारी सकाळी त्यांनी डब्यातून मूठभर तांदूळ काढून पदरात बांधले. द्यायचे, असंच त्यांनी ठरवलं होतं.

सभा ग्रामपंचायतीच्या भिंतीपाशी भरली. त्या भिंतीवर जादूटोणाविरोधी कायदा आणि सामाजिक बहिष्काराचा कायदा असे दोन्ही ठळक अक्षरांत रंगवले होते. भिंतीची सावली छान पडत होती, म्हणून सगळे तिच्याखालीच बसले होते. मंगलीच्या फाटकाला पहाटेच बोरीच्या काट्या लावून झाल्या होत्या.

एकेक घर टोपल्यात मूठ टाकून "मंगली आमची नाई" म्हणू लागलं. शाळेतले मास्तर म्हणाले. बचतगटाच्या अध्यक्ष म्हणाल्या. रंजीता इतकं हळू बोलली की वारलूने तिला पुन्हा म्हणायला लावलं. शेवटी कमळाबाई उरल्या.

"या, बाई," लटारूभाऊ म्हणाले. त्यांनी सतरंजीवर बाजूला सरकून जागासुद्धा केली.

कमळाबाई टोपल्यापर्यंत गेल्या. पदराची गाठ सोडली. समोर रंजीता बसली होती. मांडी रिकामी, तरी हात अजून पोरगी धरल्यासारखे.

"मले दिसलं होतं," कमळाबाई म्हणाल्या.

"काय?" वारलूने विचारलं.

"दिव्यानीले हिवताप होता. मी बोरिंगवर होती. मले कळलं होतं. मंगली बोलली ते मी बोलाले पायजे होतं. थे बोलली, आन् मी घागर घेऊन घरी गेली. कोणाले बाहेर टाकाचं असंल तं मले टाका. थे एकटीच खरं बोलली."

रंजीता उठून समोर आली.

"तुमाले मालूम होतं?"

"होतं."

"मंग काऊन नाई बोलल्या?"

"तुमी सारे मले काय म्हणसान, म्हणून."

कमळाबाईंना वाटलं, आता ही मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. रंजीताने फक्त पाठ फिरवली.

"बाई, मूठ टाकता का नाई?" लटारूभाऊंचा आवाज बदलला होता.

"नाई टाकत."

"मंग जागा गेली."

"गेली," कमळाबाई म्हणाल्या, आणि हे बोलताना त्यांचा आवाज जरा कापला. शूर माणसांचा कापत नाही म्हणतात. असेल.

मंगळवारी पहिल्या बसने तालुक्याला जाऊन त्यांनी ठाण्यात अर्ज दिला. त्याच दिवशी दोन पोलीस गावात आले, कायदा समजावून गेले. काट्या निघाल्या. लटारूभाऊंनी चहा पाजला आणि सांगितलं, "बहिष्कार? नाई जी! दोघीही आमच्या बहिनी हायेत." वारलूला तीन दिवस शेताचं काम निघालं. कायद्याने करायचं ते सगळं केलं. पण कोणी कोणाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, रोवायला जावं, असं कलम कुठल्याच कायद्यात नाही. पोरगी गेल्यापासून मंगलीकडे कोणी फिरकलं नव्हतं; तिचे पऱ्हे, लावणीची रोपं, वाफ्यात उभे राहून पिवळे पडू लागले होते. एकट्या बाईने अर्धा एकर रोवेपर्यंत त्यांचं गवत झालं असतं.

बुधवारी कमळाबाई तिच्या बांधीच्या धुऱ्यावर उभ्या राहिल्या. मंगली चिखलात वाकली होती. तिने मान वर केली नाही.

"तुले कोणं बोलावलं वं?"

"कोणीच नाई."

"मंग जाय न. तुयी बी बदनामी होईल."

"झाली."

"मी काई तुया देवाले मानत नाई, सांगून ठेवतो."

"त्यानं विचारलं नाई अजून. पेंढी दे इकडं."

कमळाबाईंनी लुगडं खोचलं आणि चिखलात पाय टाकला. पासष्टाव्या वर्षी कंबर वाकते, पण पुन्हा सरळ व्हायला तयार होत नाही. पलीकडच्या शेतांत वीस-वीस बायांच्या रांगा होत्या, गाणी होती, हसणं होतं. त्यातली एकही इकडे पाहत नव्हती. न पाहण्यासाठी सगळ्यांना फार मेहनत पडत होती.

दुपारपर्यंत दोघींच्या चार ओळी रोवून झाल्या. मग मंगलीने विचारलं, "आता तुले कोण पुरंल?"

"मालूम नाई."

"नवऱ्याजवळ नाई मिळाचं आता."

"नाई मिळाचं."

"रडतं का?"

"घाम हाये."

मंगलीने पुढची पेंढी सोडली. "लोक गाणं म्हणून राह्यले," ती कुरकुरली. "गाण्याबिगर हात चालत नाई. मले तं एकबी पुरं येत नाई. तुले येते का कोन्तं?"

कमळाबाईंना एकच पुरं येत होतं. दवाखान्यात सकाळच्या प्रार्थनेला म्हणायचं गीत, संथ, उभं राहून, डोळे मिटून म्हणायचं. त्यांनी ते वाकून, डोळे उघडे ठेवून सुरू केलं. आवाज चिरका निघाला. पलीकडच्या रांगेतलं गाणं क्षणभर थांबलं.

"लय हळू हाये वं," मंगली म्हणाली. "अशानं पऱ्हे हातातच लोंबीवर येतीन."

कमळाबाईंनी चाल वाढवली.